त्यांच्या कथेतली मी

आमचे मिस्टर केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी आणि फावल्या वेळात मराठी कथालेखक. नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, तेव्हा यापुढे नुसतं 'हे'. दोन्ही कामं हे एकाच पद्धतीने करतात. एका बाजूने छापलेले कागद घ्यायचे, कोऱ्या बाजूला डावीकडे भरपूर समास सोडायचा आणि निळ्या पेनाने न खोडता लिहीत जायचं. मग तो गठ्ठा माझ्यासमोर ठेवायचा. टाइप मी करते. यांना देवनागरी टाइप करता येत नाही आणि शिकायची तयारीही नाही, कारण ऑफिसात त्यासाठी माणूस असतो. घरात मी आहे.

टाइप करण्याचा नियम पहिल्याच कथेच्या वेळी ठरला. शब्दाला हात लावायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघायचं. हा नियम मी कधी मोडला नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही, मला तशी सवयच आहे. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरपासून चालत जाण्याच्या अंतरावर अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणारी एक संस्था आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथल्या एका बंद खोलीत बसून मी कॉलेजची पुस्तकं वाचते आणि ती रेकॉर्ड होतात. इतिहास, राज्यशास्त्र, सगळं हिंदीत. माझ्या हिंदीत अकोला अधूनमधून डोकावतं, पण विद्यार्थ्यांची त्याबद्दल तक्रार नाही. तिथेही नियम हाच, की पुस्तकात आहे तेवढंच वाचायचं. लेखकाने मूर्खपणा लिहिला असेल तर तो मूर्खपणा स्वच्छ उच्चारात वाचायचा.

यांच्या कथांमध्ये एक प्रामाणिक अधिकारी असतो. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं. त्याच्या साहेबाच्या मनात काय चाललंय, शिपायाच्या मनात काय चाललंय, बायकोच्या मनात काय चाललंय, हे सगळं कथा एकाच परिच्छेदात सांगून टाकते आणि पुढे सरकते. बायकोच्या मनात बहुतेक वेळा चहा असतो. या वर्षी पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत करताना लिहिलं, की विषय चांगला आहे, पण कथा कुणाच्या नजरेतून सांगायची हे तुम्ही आधी ठरवत नाही. यांना ते फार लागलं. चार दिवस घरात कुणाच्याच नजरेला नजर न देता वावरत होते. पाचव्या दिवशी यांनी कथेतल्या निवेदनावरच्या एका ऑनलाइन कार्यशाळेत नाव घातलं.

कार्यशाळा रविवारी सकाळी असे. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या, आवाज खणखणीत. आमचं डायनिंग टेबल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही, म्हणून यांच्याबरोबर माझंही शिक्षण झालं, फी न भरता. पोळ्या लाटता लाटता मला कळलं, की सगळ्यांच्या डोक्यात शिरून बोलणाऱ्याला सर्वज्ञ निवेदक म्हणतात. आमच्या अकोल्यात त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. एका प्रसंगात एकाच माणसाच्या डोक्यात राहा, असं बाई परत परत सांगत होत्या. आणि ज्याच्या तोंडून कथा सांगायची त्याला जे दिसत नाही, ते कथेतही दिसता कामा नये.

हे सगळं यांना पटलं आणि करायला मात्र जमेना. आधी 'मी' म्हणून अधिकाऱ्याच्या तोंडून लिहून पाहिलं. पण प्रामाणिक अधिकारी स्वतःच 'मी प्रामाणिक आहे' म्हणू लागला की वाचणाऱ्याला संशय येतो. शिवाय खात्यातल्या कुणी मराठी माणसाने वाचलं तर तो साहेब कोण हे लगेच ओळखेल, ही धास्ती. मग ड्रायव्हरच्या तोंडून लिहिलं. ड्रायव्हर तीन पानं मराठीतून सेवाशर्तींवर बोलत होता. एकदा बाईंनी 'तू' वापरून लिहायला सांगितलं, तेव्हा यांनी लिहिलं, 'तू सकाळी कार्यालयात येतोस. तू फाईल उघडतोस. तू विलंब केला आहेस.' मी टाइप करून दिलं आणि एवढंच म्हटलं, की खाली सही आणि शिक्का राहिला.

याच दिवसांत घरात दुसरा एक विषय होता, खरं तर तो विषय नव्हताच, ठरलेली गोष्ट होती. हे नोव्हेंबरअखेर निवृत्त होणार आणि मग क्वार्टर सोडायचं. पुण्यात धाकट्या दिरांच्या घरावर वरचा मजला आहे. भाडेकरू गेला होता आणि दीर फोन करून सांगत होते, की तुम्ही येणार असाल तर रंग काढून घेतो, नाहीतर दुसरा कुणी बघतो, दसऱ्यापर्यंत काय ते कळवा. कळवायचं काय, जायचंच होतं. निवृत्त झाल्यावर पुणे, हे आमच्या लग्नाच्या बैठकीतही बोललं गेलं होतं. मी तेव्हा मान हलवली होती. त्या बैठकीत मी बऱ्याच गोष्टींना मान हलवली होती.

मला पुण्याला जायचं नव्हतं. ते कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि आपणहून सांगावं तर ठरलेल्या गोष्टीत खोडा घातल्यासारखं झालं असतं. मी अकोल्याची. पुण्यात लग्नानंतर जेमतेम वर्षभर राहिले, आणि त्या वर्षात मी काय बोलते यापेक्षा कसं बोलते याकडे घरादाराचं लक्ष असे. दिल्लीत आले तेव्हा कुणालाच मराठी येत नव्हतं, त्यामुळे माझं मराठी चुकायचंच थांबलं. पुढे मुलगी झाली, ती इथेच वाढली, नोकरीला लागली, गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली. ती म्हणते, "आई यार, बिल्कुल आमच्या समोरच्या टॉवरमध्ये फ्लॅट आहे, चलो ना." मला तिथेही जायचं नाही. तिथे भाजी मोबाईलवर येते आणि माणसं लिफ्टमध्ये दिसतात.

मला मुनिरकाला राहायचं होतं. आमच्या क्वार्टरच्या पलीकडे, रस्ता ओलांडला की. तिथून संस्थेत पायी जाता येतं. ओळखीच्या एका बाईंचा पहिला मजला रिकामा होणार होता, हेही मी विचारून ठेवलं होतं. का विचारलं, ते मला तेव्हा स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तर ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी यांनी माझ्यासमोर नवा गठ्ठा ठेवला आणि जरा घाईने बाल्कनीत निघून गेले. मी लॅपटॉप उघडला आणि पहिलं वाक्य टाइप केलं. 'मी खिडकीशी उभी होते.' मी थांबले. उभी होते. यांनी बाईच्या तोंडून लिहिलं होतं.

पुढे वाचलं. बाई दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहते. जिना उतरताना कठड्याला डावा हात लावते, कारण डावा गुडघा दुखतो. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. बुधवारच्या बाजारात कोथिंबीर फुकट मिळाल्याशिवाय पिशवी उचलत नाही. जानेवारीत गच्चीवर गोधड्या वाळत घालून शेजारणींबरोबर शेंगदाणे खात बसते, एक तमिळ, एक पंजाबी, आणि तिघी मिळून सगळ्या इमारतीचा समाचार घेतात. सरोजिनी नगरला जाऊन दुकानदाराशी असं भांडते की शेवटी तोच तिला पाणी देतो. आणि दर दोन पानांनी ही बाई म्हणते, 'पण मन मात्र पुण्यात होतं.'

तिला पुण्याची ओढ होती. तिला सकाळी पुण्याची आठवण यायची, संध्याकाळी यायची, पाऊस पडला तरी यायची आणि नाही पडला तरी यायची. शेवटी नवरा निवृत्त होतो, सामान बांधलं जातं, आणि खोक्यांच्या मधोमध उभी राहून ती हसते. 'मी हसले. अखेर मी घरी निघाले होते.' कथा संपली.

मला राग आला. साधा नाही, कानशिलं तापली. गुडघा माझा, चष्मा माझा, शेंगदाणेसुद्धा माझे, आणि ओढ तेवढी यांची. मी बाल्कनीत गेले. हे पेपर वाचत होते, म्हणजे उघडून धरला होता.

मी विचारलं, ही बाई कोण. हे म्हणाले, पात्र. मी म्हटलं, गुडघा माझा आहे. हे म्हणाले, या वयात गुडघे सगळ्यांचेच दुखतात. मी म्हटलं, सगळ्यांचा डावाच का. त्यावर यांनी पेपर खाली ठेवून मला कार्यशाळेत शिकवलेली गोष्ट शिकवली, की निवेदक वेगळा आणि खरी व्यक्ती वेगळी, वाचकाने त्यात गल्लत करू नये. मी वाचक नव्हते, पण ते सांगून उपयोग नव्हता. मी आत येऊन कथा टाइप केली, सगळी, अक्षर न बदलता. पुणे, पुण्यात, पुण्याची, जेवढ्या वेळा होतं तेवढ्या वेळा. त्या दिवशी वरणाला फोडणी दिली नाही. यांच्या लक्षात आलं नाही.

आता यात एक गोष्ट मला कबूल करायला हवी, की यांनी पाहिलेलं सगळं खरं होतं. मला वाटायचं हे घरात असताना पेपर पाहतात. पण बस स्टॉपचा प्रसंगही कथेत होता. एकदा आम्ही दोघं रिंग रोडवर उभे होतो आणि मी एका रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत होते. मागून पांढरी काठी हातात धरलेली एक मुलगी आवाजाच्या दिशेने आली आणि म्हणाली, "मैम, आप पानीपत वाली मैम हैं न?" तिने वर्षभर माझ्या आवाजात इतिहास ऐकला होता. परीक्षेत पानिपतावर प्रश्न आला, मैम, आणि मला तुमचा आवाजच ऐकू यायला लागला, असं हिंदीत सांगत तिने माझा हात धरून ठेवला. मराठी बाईला दिल्लीत याहून मोठा किताब मिळणं कठीण आहे. रिक्षा निघून गेली. यांनी कथेत लिहिलं होतं, की त्यानंतर घरी येईपर्यंत बाई एक शब्द बोलली नाही आणि स्वयंपाक करताना दोनदा गुणगुणली. ते मला स्वतःला माहीत नव्हतं. आणि त्याच्याच खाली, 'पण मन मात्र पुण्यात होतं.'

कार्यशाळेच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने आपली कथा वाचून दाखवायची होती. आदल्या दिवशी हे म्हणाले, कथा बाईची आहे, माझ्या आवाजात बरी वाटणार नाही, तू वाचतेस का, तुला सवय आहे. मी हो म्हटलं. का म्हटलं याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे राग अजून उतरला नव्हता आणि ते 'पुणे पुणे' मला यांच्या कानावर माझ्या आवाजात घालायचं होतं. दुसरं म्हणजे चांगलं वाचता येतं याचा मला गर्व आहे.

रविवारी मी लॅपटॉपसमोर बसले, हे शेजारी. पडद्यावर बाई आणि बाकीची मंडळी चौकोनाचौकोनात बसली होती. एका चौकोनात नुसतं छत दिसत होतं. मी वाचायला लागले. संस्थेत वाचते तसंच वाचलं, कुणाचीही बाजू न घेता, कुठेही रडवेलं न होता. शेंगदाण्यांपाशी मला स्वतःलाच मजा वाटायला लागली. बस स्टॉपचा प्रसंग मी जरा सावकाश वाचला. आणि दर वेळी 'पण मन मात्र पुण्यात होतं' आलं की ते वाक्य मी जसं होतं तसं खाली ठेवून पुढे गेले. शेवटी ती खोक्यांमध्ये उभी राहून हसली, तेही वाचलं.

मग बाई म्हणाल्या, या कार्यशाळेतली ही सर्वांत चांगली कथा. हे खुर्चीत सरळ झाले. बाई पुढे म्हणाल्या, की अविश्वसनीय निवेदक म्हणजे काय, हे मी तुम्हाला दोन रविवार समजावत होते, ते या कथेने एका झटक्यात दाखवलं. ही बाई सारखी सांगते की तिचं मन पुण्यात आहे, पण तिचं एकही सुख पुण्यातलं नाही. पुण्यातली एक गल्ली, एक माणूस, एक वास तिला आठवत नाही. तिला आठवतं ते सगळं दिल्लीचं. तिला जायचं नाहीये आणि ते ती स्वतःलाही सांगू शकत नाही, नवऱ्याला तर नाहीच. आणि ते शेवटचं हसू, त्याने तर अंगावर काटा आला. बाईंनी यांना विचारलं, हे इतकं संयमाने कसं साधलंत.

मी यांच्याकडे पाहिलं नाही, पण यांचा श्वास ऐकू येत होता. सरकारी नोकरीत माणूस काय शिकतो ते त्या क्षणी कळलं. हे म्हणाले, "धन्यवाद. तोच प्रयत्न होता."

मग बाकीच्या मंडळींनीही कौतुक केलं. छतवाल्या चौकोनातून आवाज आला, की स्त्रीचं मन इतकं ओळखणारा पुरुष लेखक विरळाच. हे सगळ्यांचे आभार मानत राहिले. माझेही, वाचल्याबद्दल.

लॅपटॉप बंद झाला. मी पानं घेतली. भेंडीची भाजी होती, ताक होतं. हे बराच वेळ एकाच घासाशी खेळत बसले. यांना एखादी गोष्ट सरळ विचारता येत नाही, ताकाला जाऊन भांडं लपवायचा जुना स्वभाव. शेवटी ताटाकडे पाहत म्हणाले, "तिला पुण्याला जायचं नाहीये, असं त्या म्हणत होत्या."

मी म्हटलं, म्हणत होत्या खऱ्या.

"मग तिला कुठे राहायचंय?"

मी भाजी वाढत होते. डाव तसाच हातात राहिला. एवढ्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेही माझ्याबद्दल नाही, त्या कागदावरच्या बाईबद्दल. तिच्या आडून उत्तर देणं सोपं होतं. तिला म्हणावं असं आहे, तिला वाटतं तसं आहे, असं म्हणत दोघांनाही जेवण संपवता आलं असतं.

"मला इथे राहायचंय," मी म्हटलं. "मुनिरकाला. पहिला मजला आहे. मी विचारून ठेवलंय."

हे म्हणाले, तू कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत, एकदम लिहूनच टाकलंत. ते बोलताना माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. मी पुण्यातलं ते एक वर्ष सांगितलं, सगळं, जे आजवर हसण्यावारी नेलं होतं ते न हसता. ताक तसंच राहिलं.

माझं संपल्यावर मला वाटलं, आता हे घराचा खर्च, दिल्लीची हवा, दवाखाने, असे मुद्दे क्रमाने मांडतील. हे म्हणाले, "मला भांडायचंय मराठीत." मला कळलं नाही. मग हळूहळू सांगायला लागले. आयुष्यभर बसमध्ये, बँकेत, ऑफिसात, दुधवाल्याशी, सगळ्यांशी हिंदीत बोललो. हिंदी चांगलं आहे माझं, पण मी त्यात भांडू शकत नाही, विनोद करू शकत नाही. समोरचा बोलून जातो आणि मला उत्तर घरी आल्यावर सुचतं, मराठीत. ते उत्तर मी कुणाला देऊ? म्हणून लिहितो. मला एकदा, म्हातारपणी का होईना, रस्त्यावर उभं राहून जागच्या जागी उत्तर द्यायचंय. भावाबरोबर ओट्यावर बसायचंय. त्याचंही वय झालं, काही भरवसा नाही आता.

यांनी 'मला' म्हणून स्वतःबद्दल एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला यांची दया आली, आणि मुनिरकाचा पहिला मजलाही हवाच होता. दोन्ही एकदम वाटत होतं. एवढी वर्षं आमचं चांगलं जमतं असं आम्हीही म्हणायचो आणि लोकही म्हणायचे. त्या दुपारी लक्षात आलं, की आमचा प्रश्न कधी निघालाच नव्हता.

पुढचे काही दिवस आम्ही फार सभ्यपणे वागलो. हे मला चहा करून देत होते. मी यांचे शर्ट इस्त्रीला न सांगता देत होते. कथा दिवाळी अंकाला पाठवायची मुदत जवळ आली तेव्हा मी विचारलं, पाठवू का. हे म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, बाईंना एवढी आवडली. हे म्हणाले, त्यांना जी आवडली ती मी लिहिलेली नाही. मी फाइल बंद केली. एकदा माझ्या मनात आलं, आपण जावं पुण्याला, काय बिघडतं, माणसं याहून अवघड गोष्टी करतात. मी तसं म्हणालेही. हे म्हणाले, "असं नको. खोक्यांमध्ये उभी राहून हसशील तू." मग तो विषय कुणीच काढला नाही.

दसरा जवळ आला आणि एका सकाळी दिरांचा फोन आला. हे बाहेरच्या खोलीत होते, मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. दिरांनी प्रकृती विचारली, मुलीचं विचारलं आणि मग म्हणाले, रंगवाला उद्या येतो म्हणतोय, कुठला रंग ते वहिनींना विचार.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरातून बाहेर जाणारा प्रत्येक नकार माझ्या नावाने जातो. लग्नाला जायचं नसलं की हिचा गुडघा. पाहुणे नको असले की हिची तब्येत. कुणाच्या समितीत काम करायचं नसलं की हिला नाही आवडत. मी यांना त्याबद्दल कधी बोलले नाही, कारण बहुतेक नवरे हेच करतात आणि बायकाही गरज पडली की 'यांना विचारून सांगते' म्हणतात. पण परिणाम असा झालाय, की पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांच्या मते मी एक आजारी आणि हेकट बाई आहे. तेव्हा आता काय ऐकू येणार ते मला माहीत होतं. मी तयारीत होते. या वेळी तर ते खरंही होतं. मेथीची जुडी हातात धरून मी माझं नाव येण्याची वाट बघत होते.

हे म्हणाले, "अरे, रंग नको काढूस. आमचं येणं होत नाही."

दीर आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी नको म्हणतात का?"

"नाही रे. ती तयार आहे. तिने परवाच सांगितलं, जाऊ या म्हणून." हे थांबले. "मलाच यायचं नाही. मला नाही करमणार आता तिथे."

"तुला?"

"हो, मला."

त्यानंतर दीर बरंच बोलले. धाकटे असले तरी त्यांना लागलं होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. आई असती तर काय वाटलं असतं, हेही बोलून झालं. दिल्लीने तुला बदललं, म्हणाले. खुर्चीची हवा डोक्यात गेली, म्हणाले. हे सगळ्याला 'हं' म्हणत होते. जागच्या जागी, अस्सल मराठीत उत्तर द्यायची ती वेळ होती, समोर सख्खा भाऊ होता, आणि यांनी एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही. शेवटी दीर म्हणाले, बरं, बघतो मग दुसरा कुणी, आणि फोन ठेवला.

मला रडू आलं. हुंदका नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी, आणि मेथीचे देठ कुठले आणि पानं कुठली ते दिसेना. मी ते तसंच टाकून बाहेर गेले. हे फोन हातात धरून बसले होते. मी विचारलं, खोटं का बोललात, माझं नाव सांगायचं ना, या वेळी तर ते खरं होतं.

"तुझ्या तोंडून किती बोलायचं आता," हे म्हणाले, आणि चपला घालून दूध आणायला खाली गेले.